मीराची परीक्षा आणि माझी उत्तरे

सन दोन हजार तेवीस, महिना एप्रिल. लातूरचा उन्हाळा असा की दुपारी दाराची कडी हाताला चटका देई. त्या महिन्यात माझी सून मीरा एम.आर.आय. तंत्रज्ञाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी नांदेडला गेली. लाजिरवाण्या गोष्टी कपाटातल्या जुन्या पातळांसारख्या साठतात. एक ओढावे तर चार घडी मोडून बाहेर येतात!

मी जुनी मॅट्रिक. सून मशीन चालवायला शिकते, हे सांगणे मला कमीपणाचे वाटले. शेजारच्या वत्सलाबाईंना मी सांगितले, "डॉक्टरकी शिकते आहे."

दिवाळीला मीरा घरी येताच बाई तळपाय उघडा करून दारात हजर!

"सूनबाई, ही भोवरी तेवढी बघा की!"

"काकू, मी डॉक्टर न्हाई. मशीनवर तपासणी करायला शिकायलेय."

वत्सलाबाईंनी चप्पल घातली आणि माझ्याकडे पाहिले. मी तुळशीला पाणी घालू लागले. सकाळी घातलेले होतेच!

*

त्या मशीनमध्ये प्रचंड चुंबक असते. त्याच्याजवळ अंगावर धातू चालत नाही. मीरा कामावर मंगळसूत्र काढून ठेवते, हे कळताच मी फोनवर कडाडले, "सौभाग्य कपाटात ठेवतेस?"

माझा मुलगा सुधीर शेजारीच जेवत होता. म्हणाला, "आई, सौभाग्य इथे पाटावर बसलंय. त्याला भाजी वाढ!"

*

मीरा निलंग्याच्या शेतकऱ्याची लेक. तिची बोली मला खुपत असे. म्हणून रुग्णांना विचारायचे प्रश्न मी तिला शुद्ध भाषेत लिहून दिले: "आपल्या शरीरात शस्त्रक्रियेने बसविलेली धातूची वस्तू आहे काय?"

एका म्हाताऱ्याने अदबीने मान हलवून 'नाही' म्हटले. मीराला शंका आली. कागद बाजूला ठेवून तिने विचारले, "बाबा, हाडात सळई टाकलीया का?"

"हाव की! मांडीत हाय, लई वर्सं झाली!"

ही हकिगत सांगून तो कागद तिने मला परत आणून दिला.

*

प्रमाणपत्रासाठी शेवटचे प्रात्यक्षिक नांदेडलाच होते. रुग्ण म्हणून घरचे माणूसही चालत होते, आणि माझा गुडघा दुखतच होता. परीक्षक खुर्चीत बसलेले. मीरा फॉर्म घेऊन एकेक प्रश्न विचारीत होती.

"केसांत पिना, आकडे, काही हाय का?"

"नाही."

आता सांगते. वीस वर्षे माझ्या अंबाड्यात पिनांनी बसवलेले गंगावन आहे. ते खोटे केस मी आणि आरसा सोडून कोणाला ठाऊक नाहीत, असा माझा समज. परपुरुषापुढे कबूल कसे करायचे?

"नीट आठवा, आई."

"नाही म्हटले ना!"

मीराने पेन खाली ठेवले. "सर, मी या पेशंटला आत घेणार न्हाई."

"उत्तर 'नाही' आहे. मग अडचण काय?"

"मला त्या उत्तराचा भरवसा न्हाई."

"तपासणी झाली नाही, तर नापास लिहावं लागेल."

"लिहा, सर."

दोन वर्षांचा अभ्यास, दोन वर्षांचे एसटीचे धक्के, आणि मी खुर्चीवर ताठ बसलेली! शेवटी पदराआड हात नेला. एकेक पीन काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवली. मग गंगावन. मान वर करवेना.

परीक्षकांनी सही केली. "उत्तीर्ण! घ्या आता यांना आत."

मीरा जागची हलली नाही. माझा पदर नीट डोक्यावर ओढून ती कानाशी लागली.

"आई, या पिना दहाच हायेत. रोज अकरा असतात."