फिक्या खिचडीचा खटला

आमच्या खानदेशात आजारी माणसाला दोन प्रकारचं जेवण मिळतं: तिखट आणि जरा कमी तिखट. तिसराही एक प्रकार असतो हे माझ्या भावाच्या घराला कळलं ते माझ्या भाचीच्या तोंडामुळे. त्या दिवशी मी तिथे हजर होते, म्हणून सांगते.

भाची आठ वर्षांची. तिच्या हिरडीत एक जादा दात आडवा वाढत होता आणि शेजारची दाढ किडली होती. जळगावच्या डॉक्टरांनी भूल देऊन दोन्ही काढले, टाके घातले आणि दुपारी घरी सोडलं. मी धुळ्याहून एसटीनं भावाच्या घरी, जळगावातल्या मेहरूणला, आधीच येऊन बसले होते. आत्या आल्याशिवाय आमच्या घरात कुठलंही मोठं काम पार पडत नाही, असं माझं मत आहे. बाकीच्यांचं मी कधी विचारलेलं नाही.

चोपड्याकडून आमचे वडील, म्हणजे आबा, आणि त्यांची थोरली बहीण अक्का हेही आले होते. येताना केळ्यांचा अख्खा घड. "पोरनं दुखनं शे, रिकाम्या हातनं कसं येवानं?" अक्का म्हणाली. घडातलं एकही केळं पिकलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. उशा उंच ठेवायच्या. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरायचा. बधिर ओठ पोरीला चावू द्यायचा नाही. स्ट्रॉ नको, खळखळून चूळ नको. खायला मऊ, गार आणि बिनतिखट. आणि बधिरपणा उतरायच्या आत दुखण्याचं औषध द्यायचं, पण रिकाम्या पोटी नाही. जाता जाता ते म्हणाले होते, "संध्याकाळपर्यंत काहीच खाल्लं-प्यायलं नाही तर परत घेऊन या, सलाईन लावू."

सगळं जमलं. वहिनीनं चार उशांचं सिंहासन केलं. भाऊ गालावर बर्फ धरून असा बसला, जणू हातात कलश आहे. एकच गोष्ट जमेना. पोरीनं तोंड मिटलं होतं, ते उघडायलाच तयार नव्हती.

ही पोरगी म्हणजे झोपेतसुद्धा बोलणारी. आणि आता पाणी म्हटलं की "उं हूं". आईस्क्रीम म्हटलं की "उं हूं", फक्त डोळ्यांत पाणी. भूल उतरत चालली होती. भुवया हळूहळू आवळल्या जात होत्या. दुखायला सुरुवात झाली होती आणि औषधाची बाटली खिडकीत नुसती उभी होती.

"का गं तोंड उघडत नाहीस?" मी विचारलं.

तिनं बोट केलं. बोट थेट आबांकडे.

आबांनी उपरणं सारखं केलं. "मी काही बोलनू नही. इतलंच सांगं, तोंड उघडशी ते टाका उसवी जाई. जास्त बोलू नये म्हनीसन सांगं."

"आबा!" वहिनी सासऱ्यांवर पहिल्यांदाच ओरडली असावी, कारण ओरडल्यावर तिनं स्वतःच डोक्यावरचा पदर शोधला. अंगात पंजाबी ड्रेस होता.

आम्ही सगळ्यांनी समजावलं. टाके असे उसवत नाहीत, ते आपोआप विरघळतात. भाचीनं मान हलवली. तिनं अक्काची गोधडी पाहिली होती. एक दोरा ओढला की कशी ओळीनं उसवत जाते, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मग मी ठरवलं, हिला अन्नाच्या वासानंच वश करायचं. मुगाची खिचडी टाकली. मऊ, पातळ, वर तूप. चव पाहिली आणि माझाच चेहरा पडला. म्हणून मी फक्त दोन मिरे कुटून घातले. मिऱ्यांना आमच्याकडे तिखटात कोणी धरत नाही. खिचडी गार करायला ओट्यावर ठेवली आणि पोरीजवळ येऊन बसले.

त्यानंतर एकेक माणूस पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊन आला. मला वाटलं, उन्हाळ्याची तहान असेल. थंडीचे दिवस होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वाटी आली. मी रंगमंचावर उतरले. "बघ हं, आत्या खाते आधी. अहाहा! काय ही मऊ, काय ही गोड, दुधावरची साय जणू..." आणि मोठा चमचा तोंडात घातला.

साय पेटली. माझ्या कानांतून वाफ गेली. मी उठले, बसले, पुन्हा उठले. बर्फाचं फडकं भावाच्या हातून हिसकावून स्वतःच्या जिभेवर धरलं. डोळ्यांतून धारा, वर उचकी.

"कोणी?" मी गरजले. "कोणी हात लावला माझ्या खिचडीला?"

वहिनी हळूच म्हणाली, "मी फक्त चिमूटभर काळा मसाला, ताई. रंगासाठी."

भाऊ म्हणाला, "मी लसणाची फोडणी दिली. लाल मिरची फोडणीतच असते ना!"

"मी मिरची टाकी नही," आबा ठामपणे म्हणाले. "फिरवी आनि काढी लिधी."

"किती?"

"चार."

उरली अक्का. ती भिंतीकडे बघत होती. "ठेचा व माय. नखभर. पोरना तोंडले चव नको का?"

"अक्का, नख कोणाचं? वाघाचं?"

आणि मागून आवाज आला. उशांच्या सिंहासनावरून. आधी नाकातून फुसकन, मग खो-खो. भाची पोट धरून हसत होती, तोंड चांगलं आ वासून.

"टाके!" आम्ही सगळे एकदम किंचाळलो.

ती जागच्या जागी थिजली. तोंड उघडंच. बोट आत घालणार एवढ्यात वहिनीनं हात धरला. भावानं मोबाईलचा टॉर्च लावला आणि आत डोकावला. त्या क्षणी भिंतीवरचं घड्याळसुद्धा हळू चालत होतं, असं मला वाटलं.

"आहेत," तो म्हणाला. "सगळे जागेवर. रक्तही नाही."

भाचीनं तोंड मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं. आरशात बघून आली. मग घरी आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली, एका गालातून: "मग मला जेवायला द्या की."

दुसरी खिचडी झाली. या वेळी ओट्यापाशी मी स्वतः लाटणं घेऊन उभी राहिले. मूग, तांदूळ, मीठ, तूप, बस्स. गार करून वाटी तिच्यापुढे नेली. तिनं हुंगलं आणि राणीसाहेबांनी हुकूम सोडला, "मी एक चमचा खाणार. मग तुमच्यातला एक जण एक चमचा. सगळ्यांनी हीच खायची."

आमच्या घरात असा प्रसंग कधी आला नव्हता. भावानं औषध घेतल्यासारखी नाक दाबून गिळली. वहिनीनं सुनेचं कर्तव्य म्हणून गिळली. मी अभिनय केला, पण पोरीनं टॉर्च मागवला. "आ करा आत्या. जीभ वर. गालात लपवलीय!" खरंच लपवली होती.

"माले नुसतं मीठ वरथून दे," अक्का गयावया करू लागली.

"नाही. आ करा."

प्रत्येक मोठ्या माणसामागे तिच्या पोटात एक घास जात होता. अर्धी वाटी संपली, तेव्हा आबांची पाळी आली. आबा मात्र ओठ आवळून बसले.

"आबा, आ करा. टाके उसवत नाहीत, मी पाहिलंय."

आबांनी आमच्याकडे पाहिलं, उपरण्याच्या आडोशाला काहीतरी केलं आणि हात पुढे धरला. तळहातावर कवळी. सबंध. त्यांनी आजवर ती तिच्यापासून लपवून ठेवली होती.

भाचीचे डोळे बशीएवढे झाले. "आबा! तुमचे सगळे काढले?"

"बठ्ठा काढी टाकात," बोळक्या तोंडानं आबा म्हणाले.

"दुखलं?"

"थोडं. मंग खिचडी खादी. फिकी." आणि त्यांनी स्वतःहून चमचा उचलला, खाल्ला आणि उघडं बोळकं तिला दाखवलं. रिकामं, स्वच्छ, प्रामाणिक.

भाचीनं टॉर्च मारून नीट पाहिलं. मग उरलेली वाटी सलग संपवली. वहिनीनं लगेच औषध पाजलं. हळूहळू कपाळावरची आठी सुटली. आम्ही उशा सारख्या केल्या, गालावर नवं फडकं ठेवलं.

थोड्याच वेळात ती झोपली. आणि काय झोपली! तोंड सताड उघडं टाकून, घोरत.