आत्याची पांढरी झुरळं

झुरळ दिसल्यावर चपलेऐवजी चष्मा शोधणारी बाई अख्ख्या बोरीवलीत एकच असेल, आणि ती माझी धाकटी आत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने आयुष्यभर मुलांना कापायला झुरळं पुरवली आणि निवृत्त झाल्यावर, बहुधा मन खात असावं म्हणून, घरातच पाळली. लोणच्याच्या बरण्यांत. माझ्या बायकोने तिच्याकडचं लोणचं त्या दिवसापासून सोडलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आत्या शेजारणीला समजावायची की झुरळाला हाडं नसतात, अंगावरचं कवच हाच सांगाडा. ते काही वाढत नाही, म्हणून जुन्याच्या आत नवं तयार करायचं आणि मगच जुन्यातून बाहेर पडायचं. शेजारीण जिलबी अर्धी टाकून उठायची.

सोसायटीत औषधफवारणी ठरली, तेव्हा आत्याने दोन दिवसांची मुदत मागितली. एक झुरळ कात टाकायच्या बेतात होतं. सेक्रेटरी भांडायलाच वर आले आणि नेमकी तेव्हाच त्या झुरळाच्या पाठीवर चीर पडली. आतून दुधासारखा पांढरा जीव निघाला, हवा गिळून फुगू लागला, पण मागचा एक पाय जुन्या सालीत अडकला. मी बोट पुढे केलं तर आत्याने मनगट धरलं. “हात लावू नको रे. आत्ता ते साईसारखं मऊ आहे. दाबलंस तर तसंच वाकडं सुकेल.” चहा थंड झाला तरी आम्ही तिघं वाकून बघत होतो. बऱ्याच वेळाने सेक्रेटरीच हळूच म्हणाले, “सुटला.” फवारणीच्या यादीतून आत्याचं घर त्यांनी स्वतःच खोडलं.

गेल्या वर्षापासून आत्याला नीटसं दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं. बरणीतला गाजराचा तुकडा ती बोटांनी चाचपते. तो न कुरतडलेला लागला की कात टाकायची वेळ आली हे ओळखून मला बोलावते. परवाही गेलो. पांढरं झुरळ बाहेर आलं आणि तिने रंग विचारला. पांढरा, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तसाच आहे, म्हटलं.

“मोबाइल ठेव खाली,” ती म्हणाली. “रंग एकदम नाही बदलत. कडेकडेने बदलतो. नीट बघ.”

मी फोन ठेवला आणि बरणीला नाक लावून बसलो. खरंच, डोक्याच्या कडेला जरासा रंग चढत होता. दूध जास्त झालेल्या चहासारखा. मी तसं सांगितलं.

आत्याने बरणीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, “हां. म्हणजे माझ्या लक्षात आहे तसाच आहे.”