पुस्तकावर पाय

पाचपैकी तीन मुलं धडाधड वर चढली आणि दोघं खालीच बूट काढायला बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर क्लिपबोर्ड घेऊन उभा होतो. आमचं गाव अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला लागून आहे आणि निम्मी घरं भारतीयांची. लायब्ररीसमोर नवं शिल्प बसलं होतं. पाच भलीमोठी पुस्तकं, एकावर एक, थोडी थोडी सरकवून रचलेली, म्हणजे आपोआप पायऱ्या तयार होतात. मुलांनी चढायचं, वर बसायचं, वाचायचं. शिल्पकार रोहाना. मूळची मलेशियातल्या एका लहान मलय गावची, आता इथेच स्थायिक. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. शिल्प छान दिसावं हे तिचं काम, पडू नये हे माझं.

उद्घाटनाला सहा आठवडे होते. त्या शनिवारी नुसती चाचणी होती. मुलं कुठे घसरतात, कुठे डोकं आपटतं, ते बघायचं.

बूट काढलेल्यांतली एक सात वर्षांची इरा. मोजे घालून उभी राहिली, पण पाय काही उचलेना.

"इरा, चढ ना," मी म्हणालो.

"आजी विल गेट मॅड."

आजी म्हणजे निमकर काकू, नागपूरहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. बाकावरून उठून त्या तरातरा आल्या.

"अहो, पुस्तक आहे ते! पाय कसा लावेल पोर?"

"काकू, पुस्तक नाही, काँक्रीट आहे. हे बघा."

मी दाखवायला म्हणून पहिल्या पुस्तकावर बूट ठेवला. आणि माझा उजवा हात मला न विचारता खाली गेला, पुस्तकाला लागला आणि कपाळाला लागला.

सगळ्यांनी पाहिलं.

"आता बोला," काकू म्हणाल्या.

मला भयंकर लाज वाटली. लहानपणी साध्या वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारा मी, हे ड्रॉइंग वर्षभर बघत होतो. माझ्या लायसन्सचा शिक्का त्याच्यावर आहे. आमच्या भाषेत माणसांच्या वजनाला लाइव्ह लोड म्हणतात. तो मी चौरस फुटाला शंभर पाउंड धरला होता. ते पाय कशावर पडणार, हा रकाना हिशोबात नसतोच.

मी रोहानाकडे बघितलं. मला वाटलं, चिडली असेल. ती पांढरीफटक पडली होती.

"आमच्याकडेही हेच," ती हळूच म्हणाली. "धर्मग्रंथ घरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर. पाय लावणं तर सोडच, आम्ही त्याच्याकडे पाय करून झोपतही नाही. आणि उद्घाटनाला माझी आई येतेय. तिकीट काढलंय."

हे तिचं या देशातलं पहिलं सार्वजनिक शिल्प. लेकीचं काम बघायला आई अर्धी पृथ्वी ओलांडून येणार आणि बघणार काय, तर पोरं पुस्तकं तुडवतायत.

सोमवारी गावच्या ऑफिसातल्या डॉनाने मीटिंग बोलावली. डॉना म्हणजे या कामाची प्रोजेक्ट मॅनेजर. बाई सरळ. "पब्लिक हिअरिंगमध्ये कोणीच ऑब्जेक्शन घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

खरं होतं. काकूंसारख्या आज्या गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायच्या त्या बैठकीला येत नाहीत. आणि आम्ही जे गेलो होतो, ते कुकीज खाऊन, छान छान म्हणून आलो.

"बूट काढा अशी पाटी लावू?" डॉनाने विचारलं.

"पाय तो पायच," मी म्हटलं.

"मग पुस्तकांची नावं काढून टाकू. नुसते ठोकळे."

हा प्रस्ताव मी संध्याकाळी लायब्ररीत भेटलेल्या काकूंपुढे ठेवला. "कोरी वही पायाने ढकलता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. विषय संपला.

डॉनाने मुदत दिली. शुक्रवारपर्यंत तोडगा काढा, नाहीतर शिल्प गावच्या यार्डात, बर्फ काढायच्या नांगराशेजारी जाईल. माझा बॉस ग्रेग वेगळ्याच कारणाने खूश होता. "म्हणजे या ऑफिसात हे फक्त तुला माहीत होतं, आणि स्टॅम्पही तूच मारलास?"

"हो."

"ग्रेट," म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

गुरुवारी मी रोहानाला घरी जेवायला बोलावलं. वरण-भात, भरली वांगी. जेवणाआधी आम्ही दोघं हॉलमध्ये खाली बसून, ड्रॉइंगं पसरून डोकं खाजवत होतो. तेवढ्यात माझी बायको वंदना ताटं घेऊन आली.

"अरे, हे काय पायात घेऊन बसलायस?" असं म्हणत तिने ताटं टेबलावर ठेवली, ड्रॉइंगं गोळा केली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. तीस वर्षं ती हेच करते. मी कधी लक्ष दिलेलं नाही.

रोहाना मात्र मान वर करून त्या फळीकडे बघत राहिली.

"वर," ती म्हणाली.

"काय वर?"

"पुस्तकं वर न्यायची. मुलं खाली."

वांगी गार झाली. चार खांब, त्यांच्यावर तीच पाच पुस्तकं छपरासारखी, आणि खाली सावलीत बसायला लाकडी ओंडके. मला एकदम इतका आनंद झाला की मी तिथेच पेन शोधायला लागलो.

शुक्रवारी डॉनाने होकार दिला. इंजिनियरिंग मात्र सगळं उलटं झालं. पुस्तकं आतून पोकळ आहेत, स्टीलची फ्रेम आणि वर काँक्रीटचं पातळ कवच. जमिनीवर होती तोवर काळजी वजनाची होती. खांबांवर गेल्यावर काळजी वाऱ्याची. छत्रीखालून वारा शिरला की छत्री हातातून सुटू बघते, तसंच हे. याला अपलिफ्ट म्हणतात, आणि आमच्याकडे हरिकेनची शेपूट दरवर्षी येऊन जाते. म्हणून जमिनीखाली वरच्यापेक्षा जास्त काँक्रीट घातलं, शिल्पाला नांगर टाकल्यासारखं. त्या रात्री... नव्हे, ते दोन अख्खे वीकएंड मी हिशोब करत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. नव्या ड्रॉइंगांवर शिक्का मारण्याआधी ती सगळी वंदनाला दाखवली.

"पाणी गळेल का रे खाली?" तिने विचारलं. गळलं असतं. एक पन्हळ वाढवली.

उद्घाटन दोन आठवडे उशिरा झालं. रोहानाच्या आईने तिकीट पुढे ढकललं. बुटकी, हसरी बाई. ती आणि निमकर काकू एकाच ओंडक्यावर बसल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला मलय. दोघींचं उत्तम चाललं होतं. आई बराच वेळ वर बघत होती, मग लेकीला काहीतरी म्हणाली. रोहानाने डोळे पुसले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, बरोबर जागी ठेवलीस."

तेवढ्यात इरा शेजारच्या ओंडक्यावर उताणी पडली आणि तिने दोन्ही पाय छताच्या दिशेने सरळ वर केले.

"इरा! पाय!" काकू कडाडल्या.

"आजी, इट्स नाइन फीट अप!"

नऊ फूट बरोबर होतं, मीच दिलं होतं. काकूंनी वर बघितलं, पायांकडे बघितलं, अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "बरं, राहू दे." ही माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड तपासणी होती.

आमच्या ऑफिसात ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी एक चेकलिस्ट भरावी लागते. ग्रेगने तिच्यात शेवटी एक ओळ वाढवली आहे: हे कोणाच्या आजीने पाहिलं आहे का? नवीन इंजिनियरना तो विनोद वाटतो आणि ते जागा कोरी सोडतात. मी ड्रॉइंग परत पाठवतो.