आधी कुणाला सांगितलंत?

"रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरांनी विचारलं आणि हे म्हणाले, "चार-सहा महिने झाले असतील."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. एका घरात राहणारी, एका ताटातलं वाटून खाणारी बायको मी, आणि ही बातमी मला डॉक्टरांच्या टेबलापाशी कळली. स्क्रीनवर कोलोनोस्कोपीचं चित्र होतं. कोलोनोस्कोपी म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. एका खडबडीत जागेवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "कार्सिनोमा." म्हणजे कॅन्सर. मी तिथेच हमसून रडायला लागले. हे चित्राकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा भाग काढला. लवकर सापडलं म्हणून केमोची गरज पडली नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं फॉलोअप." दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सीईए, म्हणजे हा रोग परत डोकं वर काढतोय का याची चाहूल देणारी रक्ताची चाचणी. वर्षाने पुन्हा कोलोनोस्कोपी. "आणि मधल्या काळात काहीही बदल दिसला तर सांगायचं. लाजायचं नाही."

लाजायचं नाही! सांगणं सोपं आहे हो. आमच्या दोघांच्याही घरी संडास हा विषय दाराच्या आतला. कस्टमच्या नोकरीत, आता कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत, लोकांच्या पेट्या उघडून बघण्यात ह्यांचा जन्म गेला, पण स्वतःच्या पोटाबद्दल अवाक्षर काढतील तर शपथ. "साफ झालं का?" मी विचारायचे. "हं." संपलं.

कलकत्त्याचं तसं नाही. इथे चहाच्या दुकानावर अनोळखी माणूससुद्धा स्वतःच्या अपचनाची हकिकत रंगवून सांगतो, आणि ऐकणारे सल्ले देतात. बदली होऊन आलो तेव्हा मी नाक मुरडत असे. मग डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शुक्लादी, म्हणजे शुक्लाताई, भेटल्या.

त्या बराकपूरहून लोकलने सियालदाला उतरून यायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीची तांताची, म्हणजे हातमागाची सुती साडी, कपाळावर हे एवढं कुंकू. ह्यांच्यासारखंच ऑपरेशन त्यांचंही आधी झालेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी ह्यांना विचारलं, "सुहासदा, आज पेट साफ हुआ? कितनी बार? रंग कैसा?" मी धरणीमाते पोटात घे म्हणत होते. आणि आमचे हे? सांगायला लागले की! किती वेळा, कसं, काय खाल्ल्यावर. मी फायलींची पिशवी मांडीवर घेऊन मख्खासारखी ऐकत राहिले. एकतीस वर्षांत मला "हं"च्या पुढे काही मिळालं नाही, आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली.

हो, मला मत्सर वाटला. गोलगोल कशाला बोलू? तसला संशय नव्हता. असता तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं. पण रोज सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले की हे फोन घेऊन बसायचे आणि तिला त्या दिवशीचा वृत्तांत पाठवायचे. तिचं उत्तर आलं की हसायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी एकदा म्हटलं, "मलाही सांगत जा की." तर म्हणतात, "तुझं आपलं काहीतरीच. चहा टाक."

"टाकते. साखर किती, ते विचारा तुमच्या शुक्लादींना!"

वर्ष पुरं व्हायच्या आतली एक तपासणी. वेटिंग रूम खच्चून भरलेली. शुक्लादी लांबूनच आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बौदी, दादा का खून आना बंद हुआ?" बौदी म्हणजे वहिनी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगते, पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. 'पुन्हा हिला आधी!' एवढंच मनात आलं. मग 'खून' या शब्दाचा अर्थ डोक्यात शिरला. ह्यांनी मान खाली घातली होती. नंबर लागल्यावर मी त्यांच्याआधी आत शिरले आणि खुर्चीवर बसायच्या आत डॉक्टरांना सांगून टाकलं, "रक्त पुन्हा जातंय."

सीईए ठीक होतं, तरी डॉक्टरांनी वर्ष भरायची वाट न बघता कोलोनोस्कोपी त्याच आठवड्यात केली. एक पॉलिप निघाला, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब. तो नळीतूनच कापून काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, अडेनोमा. कॅन्सर नाही, पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. "सांगितलंत म्हणून लवकर सापडला," डॉक्टर म्हणाले.

रिपोर्टच्या दिवशी शुक्लादींना गाठलं. म्हटलं, "मला काहीच माहीत नव्हतं."

"जानती थी," त्या शांतपणे म्हणाल्या. "इसीलिए तो इतना ज़ोर से पूछा."

आता अशा बाईवर चिडायचं तरी कसं? राग मग ह्यांच्यावर निघाला. टॅक्सीत बसल्याबसल्या विचारलं, "तिला सांगता, मला का नाही?"

ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "ती ऐकते आणि पुढचं विचारते. तुझा चेहरा पडतो गं. त्या दिवशी पडला होता ना, तो मला परत बघवणार नाही."

तुमच्यापैकी कुणी अशा माणसाची काळजी वाहत असेल, तर पथ्यपाणी आणि तारखा सांभाळाच. पण आपला चेहराही सांभाळायला शिका. मी शिकले. "हं"वर न थांबता पुढचं विचारायला लागले, कपाळाला आठी न घालता, डोळ्यांत पाणी न आणता.

परवा सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "अगं, जरा बघायला ये."

जन्मात पहिल्यांदा! मी गॅस बंद करून गेले. बघितलं. लालसर होतं. पण चेहरा जागच्या जागी ठेवला. म्हटलं, "काल संध्याकाळी कोपऱ्यावरचे व्हेजिटेबल चॉप किती हाणलेत?"

"तीन."

"त्यात बीट असतं. दोन दिवस बघू. थांबलं नाही तर डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं, तेही मी स्वतः जाऊन बघून आले. त्यानंतर हे फोन हातात घेऊन बसले, शुक्लादींना चॉपची गंमत कळवायला. मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "तिला आधी सांगितलंत की मला?"

"तुला," हे म्हणाले. "तिला आत्ता सांगतोय."

"मग सांगा," मी म्हटलं, आणि त्यांच्या चहात अर्धा चमचा साखर जास्त घातली.