पाठकोऱ्या कागदांवरची कादंबरी

मैत्रिणींनो, केनियातल्या निर्वासित छावणीतलं माझं काम परवा संपतंय. नियमाप्रमाणे आज निर्वासितांच्या नावांचे जुने कागद जाळले.

शाळेत असताना जळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला कागदाची कोरी बाजू वाया घालवू देत नसत. त्या सवयीने मी त्याच पाठकोऱ्या कागदांवर माझी पहिली कादंबरी लिहिली होती. जाळायला गठ्ठा मीच उचलून दिला. लक्षात आलं तोवर राख झाली होती.

दर रविवारी मी ती फोनवर वाचून दाखवायचे; ऐकणारी एकच, माझी अमळनेरची अक्का. तिला फोन केला.

"रडू नको. माले बठ्ठं याद शे. तू घर ये, मी सांगसू, तू लिख."

"सगळं कसं आठवेल, अक्का? तू तर ऐकता ऐकता घोरायचीस."

"मंग तितलं नवं लिख."

फोन ठेवला. समोर दोन्ही बाजूंनी कोरा कागद आहे. पहिली ओळ मलाच आठवत नाहीये.

माझ्या जागी तुम्ही साठीत पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला असतात का?