ज्ञानूमामांची मागची दाढ

तुमच्या शेवटच्या दाढेला भोक आहे का नाही, हे आत्ता बसल्या जागी सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. ज्ञानूमामांनाही आलं नव्हतं, आणि त्यांची तर हयात दात बघण्यात गेली.

मामा कवठे येमाईचे, जातीचे धनगर. आता घर आहे, दोन एकर कांदा आहे, पण तीसेक मेंढरं अजून सुटलेली नाहीत. कुणाला मेंढी घ्यायची असली की मामांना बाजाराला नेतात. मामा मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबतात, समोरच्या दातांवर नजर टाकतात आणि सांगतात, दोनदाती, चारदाती, नाहीतर जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली. विकणारा शपथा घेत बसतो, पण शब्द मामांचाच चालतो.

मेंढीचं वय समोरच्या दातांवरून कळतं. तिच्या मागच्या दाढा कोण बघतंय? मामांनी स्वतःचं तोंडही तसंच तपासलं. दाढी करताना आरशात पुढची ओळ बघायची, सगळे जागेवर, झालं. डावीकडच्या दाढेत भोक पडलं, भाकरी अडकायला लागली, गार पाण्यानं कळ मस्तकात जायला लागली, तर त्यात तंबाखूची चिमूट दाबायचे. उजवीकडं चावायला दाढा होत्या कुठं? मागं भीमेच्या कडेनं दौंडकडं मेंढरं घेऊन गेले होते, तेव्हा एका फुकटच्या शिबिरात तिकडच्या उरलेल्या दोन उपटून घेतल्या होत्या. म्हणजे चावायची हीच एक उरलेली. ती गेली की पुढचं सगळं आयुष्य भाकरी दुधात कुस्करून. अनसामामींनी, म्हणजे मामांच्या बायकोनं, हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग जास्त होता. त्यांच्या भाकरीला मामा चार महिने कडक म्हणून नावं ठेवत होते.

मी त्यांची शेजारीण, मीच मामांना शिरूरला दातांच्या शिबिरात घेऊन गेले. शीतल नावाच्या तरुण डॉक्टरबाईंनी बॅटरी मारली, कागदावर 'काढणे' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. भरता येत नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माणसं एकशेवीस, खुर्च्या दोन, इथं फक्त काढतो. मग माझं डोकं सटकलं. शिबिर लोकांसाठी आहे का फ्लेक्सवरच्या फोटोंसाठी, इथपासून सुरुवात केली आणि बरंच बोलले. मामांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

"ताई, तुमी गप ऱ्हावा जरा. दाढ माजी हाय."

त्यांनी डॉक्टरबाईंना म्हटलं, मला दाखवा तरी. बाईंनी हातात आरसा दिला, दुसरा लहान आरसा तोंडात धरला. मामा बराच वेळ बघत राहिले. स्वतःची दाढ ते पहिल्यांदाच बघत होते.

"आसली मेंढी म्या घेतली नसती," ते म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यात मेंढराचा खूर सडतो. तवा आमी सडका भाग कोरून काढतो, धुतो, औषध भरतो. मेंढरू चालाय लागतं. खूर सडला म्हनून पाय कापत न्हाई आमी."

बाई हसल्या नाहीत. सळईसारखं अवजार घेऊन त्यांनी पुन्हा बघितलं, दाढेवर ठोकून बघितलं. म्हणाल्या, कीड आतल्या शिरेपर्यंत गेलेली दिसत नाही. एक्सरे काढून खात्री करू. भरायचं सामान इथं नाही, उद्या दवाखान्यात या.

उद्या बाजार होता आणि एकाला मेंढ्या बघून द्यायचा शब्द मामांनी दिलेला होता. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला. मेंढ्या पुढच्या बाजारालाबी येतील, म्हणाले, दाढ न्हाई यायची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक्सरे चांगला आला. मशीन घरघरायला लागलं तसे मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कीड कोरली, पांढरा मसाला भरला, निळा उजेड धरून कडक केला. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन भरलेलं उंच लागतंय का ते बघितलं. अर्ध्या तासाचं काम. तंबाखूवरून बाईंनी सुनावलं ते वेगळं.

संध्याकाळी मामांनी सुकी भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली. अनसामामी समोर बसून बघत होत्या. "आता लागली का मऊ?" एवढंच विचारलं.

तुम्ही एक करा. आज घरी गेल्यावर आरसा घ्या, मोबाईलची बॅटरी लावा आणि पार मागच्या दाढा बघा. आणि पक्कड हातात घेतलेल्या कुणाहीपुढं आ करायच्या आधी विचारा, ही भरता येते का?