आव्हिन्योंमध्ये जळलेला कुकर

नलिनीचा फोन आला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून बर्फ कधी थांबतोय ते बघत होते. "सरोज, मधू गेला गं," एवढंच ती म्हणाली. चहाचं आधण ठेव म्हणून सांगून तो ड्राइव्हवेतला बर्फ काढायला गेला होता. आधण आटलं तरी आला नाही, म्हणून तिने दार उघडून पाहिलं. याला आता दीड महिना होऊन गेला. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलचा बर्फ वितळला, भेटायला येणाऱ्यांची ये-जा थांबली, घरोघरून आलेले डबे ज्याचे त्याला परत गेले. माझ्या वयाला अशा फोनांची सवय व्हायला हवी होती. ती काही झाली नाही, थकवा मात्र दर वेळी थोडा जास्त येतो.

मधू नागपूरचा, धरमपेठेतला. मीही तिथलीच, पण ओळख व्हायला दोघांना शिकागोपर्यंत यावं लागलं, कारण तो माझ्या नवऱ्याच्या, अरुणच्या ऑफिसात होता. इतकी वर्षं इथे काढूनही त्याच्या तोंडातलं नागपूर काही गेलं नव्हतं. इलेक्ट्रिकल इंजिनिअर असल्यामुळे मंडळाच्या गणपतीत माइक बंद पडला, कुणाच्या बेसमेंटमध्ये दिवे गेले, की मधूला बोलवायचं. तो आधी आपली अक्कल काढायचा, मग काम करायचा, आणि जेवल्याशिवाय जायचा नाही. त्याचं एकच पालुपद होतं, रिटायर झालो की परत नागपूर. भावाने वरचा मजला त्याच्यासाठी रिकामा ठेवला होता. त्याच्या बायकोला, नलिनीला मात्र जायचं नव्हतं. मुलगा इथेच अमेरिकेत, अल्फारेटाला, नातवंडं लहान. "तू म्हणशील तर येईन, पण रडत येईन," असं तिने आमच्यादेखत त्याला सांगितलं होतं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तो रिटायर झाला. नागपूरला जायच्या आधी एकदा युरोप बघून घेऊ, असं त्यानेच ठरवलं आणि आम्ही चौघं दक्षिण फ्रान्सला गेलो. मार्सेला भाड्याची गाडी मिळाली ती गिअरची. अमेरिकेत राहून आम्ही तिघं क्लच पार विसरलो होतो. मधू मात्र आनंदाने चाकाशी बसला. "पाय विसरला नाही बरं का," असं प्रत्येक चौकात सांगायचा. नकाशा माझ्या मांडीवर, मागे नलिनी आणि अरुण, आणि डिकीत आमच्या मंडळींचं प्रवासाचं नेहमीचं सामान, म्हणजे तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, लोणचं आणि नलिनीचा राइस कुकर. हा कुकर त्यांच्याबरोबर सगळी अमेरिका फिरला होता. दिवसभर काय वाट्टेल ते बघा, संध्याकाळी मोटेलच्या खोलीत गरम खिचडी हवी, असा मधूचा नियमच होता.

आव्हिन्योंला आम्ही पोपचा तो अवाढव्य राजवाडा पाहिला. खोल्यांमागून खोल्या, सगळ्या रिकाम्या, आणि बाहेर भाजून काढणारं ऊन. नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतो, तिथवर जाऊन परत आलो. पायांचे तुकडे पडले होते. हॉटेलात आल्यावर मधूने खिचडीची तयारी केली, पिशवीतून फ्रान्सची पिन काढली, कुकरची वायर तिला जोडली आणि बटण दाबलं. फट्कन आवाज झाला, जळका वास आला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. पिन बदलते, व्होल्टेज बदलत नाही, हे जन्मभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसाने अमेरिकेचा एकशेदहाचा कुकर दोनशेवीसवर लावला होता! हॉटेलची बाई वर आली, तिला आमचं इंग्रजी कळेना आणि आम्हाला तिचं फ्रेंच. डाळ-तांदूळ पाण्यात तसेच भिजत पडले. आम्ही पावाला लोणचं लावून खाल्लं आणि हसून हसून मेलो. मधूही हसला, पण उशिराने.

पुढे आर्लचं रोमन रिंगण झालं, नीम शहर झालं. अरुण त्याला "इंजिनिअरसाहेब" म्हणून चिडवत राहिला. जळका कुकर फेकून दे म्हटलं तर मधू ऐकेना, डिकीत घेऊन फिरला. शेवटी कार्कासोनच्या किल्ल्याच्या तटावर आम्ही दोघं दम खायला बसलो. नलिनी आणि अरुण पुढे गेले होते. मधू म्हणाला, "सरोज, लहानपणापासून दोनशेवीसवरच काम केलं ना मी. माहीत नव्हतं असं नाही. पण हातच विसरला यार. आता तिकडे जाऊन काय करून राहणार मी?" मी इतकी दमले होते की नुसती पाण्याची बाटली पुढे केली…

परतल्यावर त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "नागपूर कॅन्सल केलं." नलिनीचा चेहरा त्या दिवशी किती दिवसांनी सैल झाला होता. त्यानंतर मधू एकदाच, पुतण्याच्या लग्नाला तिकडे जाऊन आला. पुन्हा तो विषय काढला नाही. आम्ही समजलो, संपलं.

गेल्या आठवड्यात नलिनीने बेसमेंट आवरायला घेतलं आणि तो कुकर मला दिला. "मधूने दुरुस्त केलाय, तू वापर," म्हणाली. मी त्यात भात लावला. दिवा लागला, पण बऱ्याच वेळाने झाकण काढलं तर पाणी नुसतं कोमट होतं. अरुणने कुकर उलटा करून खालचं झाकण उघडलं. आत कोरी करकरीत कॉइल होती, भारतात बनलेली, दोनशेवीसची. इथल्या एकशेदहाच्या विजेवर तो भात जन्मात शिजला नसता. मधूने कुकर नागपूरला नेऊन, तिथल्यासाठी दुरुस्त करून आणून ठेवला होता. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि रडले. तो गेल्याच्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

नलिनीला सांगावं की नाही, ते कळेना. पण फोनवर तिनेच विचारलं, "भात नाही ना झाला?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"लग्नाहून आला तेव्हापासून. मी एकदा लावून बघितला होता ना. पण विचारलं असतं, तर तो जाऊ या म्हणाला असता गं. म्हणून विचारलंच नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही डिसेंबरात नागपूरला जाताय ना? माझ्याने नाही होणार. तू घेऊन जा, आणि त्याच्या भावाकडे वरच्या मजल्यावर एकदा खिचडी लाव."

खरं तर गुडघ्यांमुळे यंदाचं जाणं मी रद्द करणार होते. बॅग माळ्यावरून काढून ठेवलीय. बाकी काही भरलेलं नाही, कुकर तेवढा आत आहे.